इंजिनाचा पाण्याचा पंप : पट्ट्यावरचा की विजेवरचा?

वैशाखातील नांगरट ऐन रंगात आली असता ट्रॅक्टर मध्येच उभा राहतो, रेडिएटरच्या झाकणातून वाफ फुसफुसू लागते आणि चालक बादली घेऊन पाण्याच्या शोधात निघतो, हे दृश्य ग्रामसेवकांस व शेतकऱ्यांस अपरिचित नाही. इंजिन असे तापले म्हणजे हेड वाकते, गॅस्केट जळते, प्रसंगी पिस्टन सिलिंडरात जखडतो. मृगापूर्वी उरकावयाचे काम राहते ते राहतेच, वर दुरुस्तीचा भुर्दंड पडतो. शर्यतीच्या मोटारींना विजेवर चालणारा पाण्याचा पंप बसवितात, तसा आपल्या ट्रॅक्टरलाही बसवावा, असा विचार यंत्राची आवड असलेल्या तरुणाच्या मनात अशा वेळी आल्यास नवल नाही. तो विचार कितपत योग्य आहे, हे पाहण्यासाठी त्या पंपाचे काम प्रथम समजून घेतले पाहिजे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश प्रत्यक्ष कामी येते, तितकीच धुराबरोबर जाते आणि जवळजवळ तितकीच थंड करणाऱ्या पाण्यास वाहून न्यावी लागते. ३५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालत असता ही उष्णता २६ किलोवॅटच्या आसपास भरते. रेडिएटरमध्ये पाणी ८ अंश सेंटिग्रेडने निवते असे धरले, तर मिनिटाला सुमारे ४५ लिटर पाणी सारखे फिरत राहावे लागते. हे काम करणारा पंप विहिरीवरील सेंट्रिफ्यूगल पंपाच्याच जातीचा असतो, मात्र आकाराने मुठीएवढा.

नेहमीच्या इंजिनात हा पंप क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो. इंजिनाचा वेग वाढला की पंपाचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो. येथेच शर्यतवाल्यांची अडचण सुरू होते. अशा पंपाचा वेग दुप्पट झाला तर पाणी दुप्पट फिरते, पण त्यास लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात हा पंप गरजेपेक्षा अधिक पाणी ढकलतो आणि चाकांना मिळावयाची शक्ती खातो. अतिवेगामुळे इंपेलरजवळ वाफेचे बुडबुडे होऊन पाण्याचा ओघ तुटण्याचाही संभव असतो. उलट गाडी उभी असून इंजिन संथ चालत असले, तर पाणी अगदीच मंद फिरते. इंजिन बंद केले की पंपही बंद, आणि तापलेल्या धातूची उष्णता आतल्या आत साठून राहते.

विजेच्या पंपाचा वेग इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो. अमेरिकेत सुमारे ४०० मीटरच्या सरळ धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतीत मोटार काही सेकंदांतच अंतर काटते. नंतर इंजिन बंद ठेवून पंप व पंखा बॅटरीवर चालू ठेवतात आणि पुढील फेरीपूर्वी इंजिन निववून घेतात. पट्ट्यावरच्या पंपाला हे साधणार नाही. वीज फुकट येते असे मात्र कोणी समजू नये. लांब पल्ल्याच्या गाडीत ती अल्टरनेटरकडून येते, आणि अल्टरनेटर फिरविण्यास इंधनच जळते. खरा लाभ आहे तो गरजेपुरतेच पाणी फिरविण्यात. बीएमडब्ल्यू कंपनीने २००४ साली आपल्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर असा पंप बसविला. त्यास अधिकात अधिक २०० वॅट लागतात. २००९ सालच्या टोयोटा प्रियस गाडीच्या इंजिनावर तर पट्टाच ठेवला नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. त्याचे इंजिन बहुधा दीड ते सव्वादोन हजार फेऱ्यांच्या दरम्यान, तासन् तास जवळपास एकाच वेगाने चालते. त्या वेगाला आवश्यक तेवढे पाणी मिळेल अशाच बेताने कारखान्यात पंपाची पुली ठरविलेली असते. म्हणजे वाचविण्याजोगी शक्ती थोडीच. शिवाय धोक्याची एक बाब आहे. जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की बॅटरीवाचून चालू राहू शकते. बॅटरी उतरली म्हणून उतारावर ढकलून सुरू केलेले ट्रॅक्टर गावोगाव पाहावयास मिळतात. अशा ट्रॅक्टरला विजेचा पंप बसविला, तर इंजिन धडधडत राहील आणि पाणी मात्र जागच्या जागी उकळेल. पट्टा सैल झाला तर किंचाळतो, पंपाचे सील गेले तर त्याच्या खालच्या भोकातून पाणी ठिबकते. फ्यूज उडाला किंवा धुळीने व ओलाव्याने तारेचा जोड खराब झाला, तर कसलीही पूर्वसूचना मिळत नाही.

तेव्हा ट्रॅक्टर तापत असल्यास पंप बदलण्याच्या आधी पट्टा पाहावा. दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण १ ते १.५ सेंटिमीटर दबावा. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसकट भरते. इंजिन थंड असताना इंजिनाकडील बाजूने बाहेर हवा मारून ते काढावे. झाकणाचे रबर फाटले असल्यास झाकण बदलावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये, आणि तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, कारण लोखंडाला तडा जातो.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची काही मिस्त्रींची रीत आहे, ती सोडून द्यावी हे बरे. पाणी ८० ते ९० अंशांच्या सुमारास राहिले म्हणजे डिझेल नीट जळते. इंजिन सतत थंड राहिल्यास अर्धवट जळालेले डिझेल वंगणात उतरते आणि सिलिंडर लवकर झिजतो.

हाच दोष विहिरीवरील ऑइल इंजिनांत अधिक आढळतो. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या पाइपातून एक नळी काढून विहिरीचे थंड पाणी थेट इंजिनात सोडलेले असते, आणि नळीची तोटी पूर्ण उघडी असते. पाणी भरपूर वाहते म्हणून मालकास समाधान वाटते; प्रत्यक्षात डिझेल अधिक जळत असते. ही तोटी हळूहळू आवळावी. इंजिनातून परतणारे पाणी कोमट नव्हे, तर हात फार वेळ धरवणार नाही इतके गरम असावे. मात्र त्यातून वाफ निघता कामा नये. फूटव्हॉल्व्हमधून पाणी उतरून पंप कोरडा पडला, तर इंजिनाचे पाणीही त्याच क्षणी तुटते. म्हणून पाटात पाणी थांबल्याचे दिसताच प्रथम इंजिन बंद करावे आणि मगच विहिरीत उतरावे.