खोडकर टेडीने घेतलेली परीक्षा

एका वाचक आजींनी विचारलंय : साडेचार वर्षांचा नातू वाटीतलं ताक अरुंद, उंच पेल्यात ओतलं की 'आता जास्त झालं' म्हणतो. डोळ्यांदेखत ओतलं तरीही. पोरगा गणितात कच्चा राहील का?

आजी, काळजी सोडा. याच चुकीने ज्याँ पियाजेंना नाव मिळवून दिलं. मूळचा हा शंखशिंपल्यांत रमणारा स्विस गडी. १९०७ मध्ये, शाळकरी वयातच, पांढऱ्या चिमणीवर त्याचं टिपण छापून आलं होतं. १९२०च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या चाचण्या घेताना त्याचं लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकांकडेच जाऊ लागलं. एका वयाची मुलं तीच ती चूक का करतात? त्यातून पुढे बौद्धिक विकासाच्या चार अवस्था मांडल्या गेल्या. टीईटीला बसणाऱ्यांना त्या वयांसकट पाठ असतात. खुद्द पियाजेंना मात्र वयापेक्षा क्रम महत्त्वाचा वाटे.

ताकाचाच भाऊबंद असलेला त्यांचा दुसरा प्रयोग सोंगट्यांचा. समोरासमोर दोन सारख्या रांगा. 'दोन्हींत सारख्याच आहेत ना?' मूल हो म्हणतं. मग एका रांगेतल्या सोंगट्या लांब लांब सरकवायच्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. आता मूल लांब रांगेकडे बोट दाखवतं.

१९७०च्या दशकात एडिनबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी यात एक टेडी घुसवला. (मानसशास्त्रातला माझा सर्वांत लाडका संशोधक हाच!) खोक्यातून हा खोडकर अस्वलोबा यायचा आणि रांग विस्कटून टाकायचा. प्रश्न तोच. मोठ्या माणसाने सोंगट्या सरकवल्या तेव्हा चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपैकी १३ जणांचं उत्तर बरोबर आलं. टेडीने सरकवल्यावर ५० जणांचं!

म्हणजे मूल नुसत्या सोंगट्या बघत नव्हतं, विचारणाऱ्यालाही वाचत होतं. बाईंनी मुद्दाम काहीतरी हलवलं, वर तेच पुन्हा विचारलं. मग काहीतरी बदललंच असणार! वर्गात 'नक्की?' असं विचारलं की आपण नाही का बरोबर उत्तर खोडायचो?

यामुळे पियाजे निकालात निघाले असं मी म्हणणार नाही. टेडी येऊनही ३० मुलं चुकलीच. पण 'या वयाला हे जमतच नाही' असं छातीठोक सांगणाऱ्या तक्त्यांवर, आणि ते तक्ते दाखवून 'ब्रेन डेव्हलपमेंट'ची फी उकळणाऱ्या क्लासांवर, माझा तरी विश्वास नाही.

तेव्हा आजी, फी वाचवा. घरातली बटणं काढा, रांग एखाद्या बाहुलीकडून विस्कटून घ्या आणि नातवाला एकदाच विचारा. काय म्हणाला, ते जरूर कळवा.