पेलेल एवढेच सामान

परदेशात राहणाऱ्या मुलामुलींकडे पाच-सहा महिन्यांसाठी निघालेले आईवडील, दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जाणारा विद्यार्थी आणि कंपनीच्या कामानिमित्त वर्षभर दुसऱ्या देशात मुक्काम करणारा कर्मचारी, या तिघांचे प्रवास वेगळे असले तरी तिघांच्याही सामानात अर्धा संसार भरलेला असतो. त्यामुळे बॅग घेताना दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘हिच्यात मावते किती?’ हाच. प्रत्यक्षात मात्र विमानप्रवासात बॅगेतली जागा संपण्याच्या कितीतरी आधी वजनाची मर्यादा संपते, आणि पुष्कळदा तिच्याही आधी प्रवाशाच्या हातातले बळ संपते. म्हणून निवडीचा विचार बॅगेच्या पोटापासून न करता ती ज्या वाटेने जाणार ती वाट आणि ती ज्याला उचलावी लागणार ती व्यक्ती, यांच्यापासून करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

सामान कोण उचलणार, या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणेच सामानाचे रूप आजवर बदलत आले आहे. बोटीने विलायतेला जाण्याच्या काळात मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर हमालांनी चढवलेल्या ट्रंका कितीही जड असल्या तरी चालत, कारण प्रवाशाला त्यांना हात लावावा लागत नसे. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर सामानाला ‘प्रवासात लागणारे’ आणि ‘प्रवासात न लागणारे’ अशा अर्थाच्या इंग्रजी चिठ्ठ्या डकवल्या जात आणि दुसऱ्या प्रकारचे सामान थेट बोटीच्या पोटात जाई. पुढे विमानप्रवास वाढला, विमानतळ लांबच लांब झाले, हमाल दिसेनासे झाले आणि ओझे पुन्हा प्रवाशाच्या हाती आले. तेव्हा कुठे सुटकेसला चाके लागली. बर्नार्ड सॅडो या अमेरिकी व्यावसायिकाला ही कल्पना १९७० मध्ये सुचली आणि १९७२ मध्ये तिचे पेटंट मिळाले, पण त्याची बॅग आडवी ठेवून पट्ट्याने ओढावी लागे. लांब दांड्याची, उभी धरून तिरकी ओढता येणारी दोनचाकी बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने तयार केली, आणि आज ज्या बॅगेला सर्रास ‘ट्रॉली बॅग’ म्हटले जाते तिचा वंश तेथून सुरू होतो.

चाकांमुळे ओढणे सोपे झाले, तरी वजन संपले नाही. विमान कंपन्यांनी ते आकड्यांत बांधून दिले. विमानाच्या पोटात जाणाऱ्या, म्हणजे चेक-इन केलेल्या सामानाची मोजणी दोन प्रकारे होते. काही मार्गांवर एकूण वजनाची मर्यादा असते आणि ते किती बॅगांत विभागले याला फारसे महत्त्व नसते, तर अमेरिकेसारख्या मार्गांवर नगांची संख्या ठरलेली असून प्रत्येक नगाला स्वतंत्र मर्यादा लागू होते. साध्या वर्गासाठी ही मर्यादा सामान्यतः नगामागे २३ किलोंची असते, आणि जादा पैसे भरले तरी बहुतेक ठिकाणी ३२ किलोंवरची एकच बॅग स्वीकारली जात नाही, कारण ती हाताने चढवणाऱ्या कामगारांच्या पाठीचा प्रश्न असतो. आकाराची मर्यादा लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटर अशी दिलेली असते, व त्या बेरजेत चाके आणि मुठीही धरल्या जातात. म्हणून चेन उघडून फुगवता येणारी मोठी बॅग फुगवल्यावर नियमाबाहेर जाऊ शकते.

या आकड्यांतून निघणारा पहिला हिशेब रिकाम्या बॅगेच्या वजनाचा आहे. रिकामी मोठी बॅग ५ किलोंची असेल तर २३ किलोंपैकी १८ किलोच सामानासाठी उरतात, आणि ती साडेतीन किलोंची असेल तर साडेएकोणीस. दोन माणसांच्या मिळून चार बॅगा असल्या तर हा फरक ६ किलोंचा होतो, म्हणजे स्वयंपाकघरातला बराचसा खाऊ त्यात बसतो. दुसरा हिशेब घनतेचा, म्हणजे ठरावीक जागेत किती वजन मावते याचा आहे. सुमारे १०० लिटरच्या मोठ्या बॅगेत १९ किलो सामान न्यायचे असेल तर दर लिटरला दोनशे ग्रॅमसुद्धा वाट्याला येत नाहीत. उलट थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला अशा पिठाळ पदार्थांचे एका लिटरचे वजन साधारण अर्धा किलो भरते. त्यामुळे अशा वस्तूंनी मोठी बॅग अर्धी भरण्याआधीच काटा २३ च्या पुढे जातो. कोरड्या खाऊसाठी आणि पुस्तकांसाठी ६५-७० लिटरची मध्यम बॅग आणि स्वेटर, जाकिटे, पांघरुणे अशा हलक्या पण फुगीर वस्तूंसाठी मोठी बॅग, अशी विभागणी केल्यास दोन्ही बॅगा नेमक्या भरतात आणि मोठी बॅग मोकळी दिसते म्हणून तिच्यात आणखी काही कोंबण्याचा मोहही टळतो.

यानंतर विचार करायचा तो वाटेचा, आणि येथे मुंबईहून अमेरिकेतल्या एखाद्या आतल्या शहरात जाणाऱ्या ज्येष्ठ दांपत्याचे उदाहरण बोलके आहे. मुंबईत बॅग दिली की ती थेट शेवटच्या मुक्कामी मिळेल, असा अनेकांचा समज असतो; पण अमेरिकेत प्रवेश होतो त्या पहिल्याच विमानतळावर सामान्यतः प्रवाशाला आपल्या बॅगा पट्ट्यावरून स्वतः उतरवून घ्याव्या लागतात, सीमाशुल्क तपासणीतून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवाव्या लागतात. अबू धाबीसारख्या विमानतळावर अमेरिकेची प्रवेशतपासणी आधीच उरकत असल्यामुळे तो अपवाद ठरतो. म्हणजे घरातून जिना उतरणे, गाडीत ठेवणे, गाडीतून काढणे, काट्यावर चढवणे, सरकत्या पट्ट्यावरून ओढून घेणे, पुन्हा सोपवणे, शेवटच्या विमानतळावर पुन्हा घेणे आणि मुलाच्या गाडीत चढवणे, असे एकाच बॅगेला सात-आठ वेळा तरी हात लागतात. पट्ट्यावरची बॅग सरकत असतानाच उचलावी लागते, त्यामुळे घरात उचलता येणारे २३ किलो तेथे जड वाटतात. अशा प्रवाशांनी मर्यादा २३ किलोंची असली तरी बॅग १८-२० किलोंवर थांबवणे, बाजूलाही पक्की मूठ असलेली बॅग घेणे आणि तिकीट काढताना दोन विमानांमधला वेळ पुरेसा ठेवणे हिताचे असते.

युरोपात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याची वाट निराळी असते. तेथील जुन्या शहरांतले दगडी फरसबंदीचे रस्ते, लिफ्ट नसलेल्या इमारती आणि आगगाडीचे अरुंद डबे यांच्यासाठी चार लहान चाकांच्या बॅगेपेक्षा दोन मोठ्या, बॅगेच्या अंगात बसवलेल्या चाकांची बॅग बरी पडते. चारचाकी बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर बोटाने ढकलली तरी सरकते. पण तिची चाके बाहेर आलेली असल्याने मोडण्याचा धोका अधिक असतो, आणि उतारावर किंवा चालत्या गाडीत ती आपण होऊन निघून जाते. जपानमधील काही शिंकान्सेन मार्गांवर तीन बाजूंची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्या सामानासाठी विशिष्ट आसनाचे आरक्षण करावे लागते. विमानाचा १५८ चा नियम पाळणारी बॅग या अटीतून सुटते.

बॅग कशाची असावी, या प्रश्नात कठीण कवच आणि कापड असे दोन मुख्य पर्याय आहेत. कठीण बॅगांत एबीएस हे स्वस्त प्लास्टिक ताठ असते, पण जोराचा आघात झाला की त्याला तडा जातो. पॉलिकार्बोनेट दाबले असता आत जाते आणि दाब निघाला की बहुधा पुन्हा मूळ आकारात येते. दुकानात बॅगेच्या मध्यभागी तळहाताने दाबून हा फरक जाणवतो. पॉलिप्रॉपिलिन त्याहून हलके आणि लवचीक असते. व्हीआयपी आणि सॅमसोनाइट या दोन्ही कंपन्यांचे कारखाने नाशिक जिल्ह्यात असल्यामुळे या प्लास्टिकांचे तंत्र मराठी मुलखाला अनोळखी नाही. कापडी बॅगेचा कस डेनिअरवरून ओळखतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर, म्हणजे आकडा जितका मोठा तितका धागा जाड. ६०० डेनिअरचे पॉलिएस्टर आणि १,६८० डेनिअरचे बॅलिस्टिक नायलॉन यांच्या टिकाऊपणातला फरक त्यामुळे वेगळा सांगावा लागत नाही. कठीण बॅग पावसात आतले सामान अधिक कोरडे ठेवते, पण ती पुस्तकासारखी दोन भागांत उघडत असल्याने तिला दुप्पट जमीन लागते. वसतिगृहाच्या लहानशा खोलीत वरून उघडणारी आणि बाहेर कप्पे असलेली कापडी बॅग अधिक सोयीची ठरते.

कवच कितीही पक्के असले तरी बॅग बहुधा तिच्या चेनपाशी हार खाते. बंद चेनच्या दातांत साधे बॉलपेन जोराने खुपसले तर नायलॉनचे दात मधूनच उकलतात, आणि कुलपात अडकवलेले दोन्ही रनर एकत्र धरून त्या फटीवरून पुढेमागे फिरवले की चेन पुन्हा जुळून काही घडलेच नाही अशी दिसते. यावर पूर्ण उपाय नसला तरी दात जाड असलेली किंवा दोन पदरी चेन आणि चेनऐवजी खटक्यांनी बंद होणारी कठीण बॅग हे त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहेत. अमेरिकेत सुरक्षा अधिकारी त्यांच्याजवळच्या किल्लीने उघडू शकतील अशी ‘टीएसए’ कुलपे २००३ पासून प्रचारात आली. त्या किल्ल्यांचे नमुने २०१५ पर्यंत जगजाहीर झाल्यामुळे हे कुलूप चोर रोखण्यापेक्षा तपासणीत बॅग तुटू नये म्हणून उपयोगी, असेच मानावे.

बोटीच्या काळातली ‘प्रवासात लागणारे’ ही चिठ्ठी आज केबिन बॅगेवर शोभेल. भारतातून निघताना तिची मर्यादा अनेक कंपन्यांत ७ किलो आणि सुमारे ५५ गुणिले ३५ गुणिले २५ सेंटिमीटर अशी असते, म्हणून तिच्या बाबतीत हलकेपणाला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे. औषधे व त्यांच्या चिठ्ठ्या, कागदपत्रे, दागिने आणि एक बदलाचा कपडा तिच्यातच हवा. पॉवर बँकही चेक-इन बॅगेत चालत नाही; १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक परवानगीविना केबिनमध्ये नेता येते, आणि २०,००० मिलिअँपिअर-तासांची नेहमीची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तासांची भरते. बॅटरी काढून ठेवता येत नाही अशी ‘स्मार्ट’ बॅग म्हणूनच टाळावी. याच्या उलट तूप आणि तेलकट लोणचे दुहेरी गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवावे लागते, तर सुके खोबरे त्यातल्या तेलामुळे आपोआप पेटू शकणाऱ्या पदार्थांत गणले जात असल्याने भारतीय विमानतळांवर चेक-इन बॅगेतून काढायला लावतात.

बॅग हरवली किंवा फुटली तर १९९९ च्या माँट्रियल कराराचा आधार मिळतो, व भारत या करारात २००९ पासून सामील आहे. भरपाईची कमाल मर्यादा २०२४ च्या अखेरीपासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक असून ही रक्कम सुमारे २,००० डॉलर होते. मोडतोडीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते, तरी विमानतळ सोडण्यापूर्वीच नोंद करून तिची प्रत घेणे सर्वांत उत्तम. नवराबायकोंचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मेनिम्मे ठेवले तर एक बॅग मागे राहूनही दोघांचे चार दिवस निभावतात.

या साऱ्या विचारांची परीक्षा घरीच घेता येते. निघण्याच्या आठ दिवस आधी बॅग पूर्ण भरावी, हातकाट्याने तोलावी, प्रवासात ती ज्याच्या हाती असेल त्यानेच ती जिन्याने खाली नेऊन परत वर आणावी आणि पलंगाच्या उंचीवर चढवावी. धाप लागली तर त्यातली कोणती वस्तू परदेशातल्या दुकानात सहज मिळते याचा विचार स्वस्थपणे घरी बसून करता येतो. तोच निर्णय विमानतळावर, मागे रांग खोळंबलेली असताना, उघड्या बॅगेपुढे गुडघे टेकून घ्यावा लागला, तर बहुधा नेमके आवडीने बांधून दिलेले डबेच मागे राहतात.