शिंकेची गोळी आणि फेफऱ्याचा रोगी

श्रावणातल्या दमट हवेत शिंकांनी बेजार झालेला एखादा गृहस्थ औषधांच्या दुकानी जाऊन "सर्दीवर काहीतरी द्या" म्हणतो, आणि दुकानदारही चिठ्ठीबिठ्ठी न विचारता पाकिटातल्या दहा गोळ्यांपैकी दोन कातरीने कापून त्याच्या हातावर ठेवतो, हा व्यवहार आपल्या अंगवळणी इतका पडला आहे की, त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु पुष्कळदा औषधाचे नाव छापलेला तुकडा दुकानातच राहतो आणि घरी येते ती निनावी गोळी. ज्या घरात फीट येणारे माणूस आहे, त्या घरी ही निनावी गोळी जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

अंगावर पित्त उठते, डोळे चुरचुरतात, नाकातून पाण्याची धार लागते, ते शरीरातल्या हिस्टामिन नामक द्रव्यामुळे. या द्रव्याला अटकाव करणारी औषधे शोधण्याचा आरंभ 1937 च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे यांनी केला, आणि 1957 साली त्यांना जे नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या कामाचाही वाटा होता. मात्र हेच हिस्टामिन मेंदूत निराळीच कामगिरी बजावते. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या मागल्या भागात, मूठभर पेशींचा एक पुंजका आहे. तेथून निघालेले तंतू अवघ्या मेंदूला हिस्टामिन पुरवतात, माणसाला जागे ठेवतात, आणि, प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आल्याप्रमाणे, मेंदूतील विजेच्या बेबंद उसळीला, म्हणजेच फेफऱ्याला, काही अंशी लगामही घालतात. नाकासाठी घेतलेली गोळी मेंदूत शिरली की हा लगाम ढिला पडतो. ती शिरली याची खूण आपण सर्वांनी अनुभवली आहे: गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने येणारी गुंगी.

क्लोरफेनिरामिन, एव्हिल या नावाने घरोघरी ठाऊक असलेले फेनिरामिन, फेनरगन म्हणजे प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन ही सारी जुन्या पिढीची औषधे मेंदूत सहज प्रवेश करणारी आहेत. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत आणि लहान मुलांच्या गोड सिरपांत ती इतर औषधांच्या सोबतीने दडून बसलेली असतात, म्हणून वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याचे अगत्य. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन ही नव्या पिढीची औषधे मेंदूच्या वेशीवरूनच बहुतांशी परत फिरतात. सेटिरिझिन नव्या पिढीतलेच. पण ते थोडेसे आत जाते, आणि अपस्माराच्या रोग्याने ते जपून घ्यावे असा इशारा त्याच्या माहितीपत्रकात काही देशांत छापलेला असतो.

आता या जोखमीचे माप. कोरियातील बालकांची जी पाहणी 2024 साली प्रसिद्ध झाली तीत, जुन्या पिढीचे औषध लिहून दिलेल्या काळात झटका येण्याचा संभव सुमारे 22 टक्क्यांनी अधिक आढळला, आणि सहा महिने ते दोन वर्षे या वयात तो सर्वांत जास्त होता. तान्ही मुले, तापाने फणफणलेली मुले, ज्यांचे फेफरे औषधानेही पुरते काबूत आलेले नाही असे रोगी, आणि चुकून भलत्याच मात्रेत गोळ्या पोटात गेलेली माणसे यांना खरे भय आहे. एरवी अपस्माराचे कितीतरी रोगी ही औषधे काहीही न होता घेतात. एखादी गोळी घेतली गेली म्हणून हवालदिल होऊ नये. नेमाचे औषध चुकणे आणि रात्रीची झोप मोडणे ही फेफऱ्याची त्याहून नेहमीची कारणे आहेत, आणि चोंदलेल्या नाकाने रात्रभर तळमळत पडणेही रोग्याला परवडणारे नाही. सबब ॲलर्जीवर उपचार करावा, पण योग्य औषध निवडून. गार्डिनाल किंवा क्लोबाझामसारख्या गुंगी आणणाऱ्या औषधांवर असलेल्याने जुन्या पिढीची गोळी घेतली, तर सुस्ती दुणावते हेही ध्यानात असावे.

एक बाब मात्र याहून निकडीची, आणि ती फारशी सांगितली जात नाही. फिनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही फेफऱ्याचीच औषधे काही जणांना सोसत नाहीत, आणि सुरू केल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठते. घरची मंडळी "उष्णता झाली असेल" म्हणून एव्हिल देतात, खाज थांबते, आणि मूळ विकार आतल्या आत बळावत राहतो. अशा पुरळासोबत ताप आला, तोंड आले, डोळे लाल झाले किंवा कातडी सोलू लागली, तर तो जीवावरचा प्रसंग समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. आपल्या मनाने ना गोळी द्यावी, ना फेफऱ्याचे औषध एकाएकी तोडावे. तो निर्णय डॉक्टरांचा.

फेफरे या शब्दाची लाज आपल्या समाजातून अजून गेलेली नाही, आणि चारचौघांत दुकानदारापुढे तो उच्चारायला जीभ अडखळते, हे मी जाणतो. तरीही माझी विनंती आहे की, पुढल्या वेळी सर्दीची गोळी घ्यायला जाल तेव्हा "घरात फीट येणारे माणूस आहे" हे आधी सांगा, आणि नाव छापलेला तुकडा मागून घ्या.