पाय हलताहेत, मग मणक्याला धोका नाही? ‘अस्थिर’ फ्रॅक्चर म्हणजे काय, समजून घ्या

दहीहंडीच्या थरावरून कोसळलेला गोविंदा, नारळाच्या झाडावरून पडलेला पाडेली, परांचीवरून तोल गेलेला गवंडी. भोवती गर्दी जमते आणि कुणीतरी म्हणते, ‘पाय हलवून बघ.’ पाय हलले की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. मग दोघे जण बखोटीला धरून त्याला रिक्षात बसवतात. मणक्याच्या काही फ्रॅक्चरमध्ये कायमचे नुकसान नेमके याच वेळी होऊ शकते.

स्थिर आणि अस्थिर यात फरक काय?

मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. हाड मोडूनही कणा शरीराचे वजन पेलत असेल आणि मणके सरकण्याची भीती नसेल, तर फ्रॅक्चर स्थिर. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांमध्ये मणका पुढून दबतो, ते फ्रॅक्चर बहुतेक वेळा या प्रकारात येते. अस्थिर फ्रॅक्चरमध्ये मात्र बसले, वळले किंवा उचलले की तुकडे सरकतात आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणजेच अपघातानंतर पाय हलत होते आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबले, असे घडू शकते.

हा फरक समजण्यासाठी फ्रान्सिस डेनिस यांनी 1983 मध्ये कण्याचे तीन खांब कल्पिले. मणक्याचा पुढचा अर्धा भाग हा पहिला खांब, मागचा अर्धा भाग हा दुसरा. त्यामागची कमान, सांधे आणि अस्थिबंध मिळून तिसरा. एकच खांब मोडला तर कणा बहुधा तग धरतो. दोन किंवा तिन्ही निकामी झाले, तर अस्थिरतेचा धोका असतो.

सर्वाधिक धोका कुठे?

छातीमागचे 12 मणके बरगड्यांनी बांधलेले असतात, कमरेचे 5 मोकळे हलतात. उंचावरून पडल्यावर या दोन भागांच्या जोडावर मोठा ताण येतो. प्रौढांमध्ये मज्जारज्जूचे टोकही साधारण तिथेच, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ असते. मानेच्या वरच्या भागात इजा झाली, तर श्वासही बंद पडू शकतो.

निदान कसे होते?

डॉक्टर आधी श्वास आणि रक्तदाब सांभाळतात. मग रुग्णाला अंग न पिळता कुशीवर वळवून पाठीचा प्रत्येक मणका दाबून पाहतात. हातापायांची ताकद, गुदद्वाराजवळची संवेदना आणि लघवीवरचे नियंत्रण तपासतात. उंचावरून पडून टाच मोडली असेल, तर मणकाही तपासला जातो. साध्या एक्स-रेमध्ये काही फ्रॅक्चर निसटतात. हाडाचे तुकडे सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतात. अस्थिबंध आणि मज्जारज्जूची इजा एमआरआयमध्ये कळते.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते का?

नाही. छाती-कमरेच्या मणक्यांसाठी 2005 पासून एक गुणपद्धत वापरात आहे. फ्रॅक्चरचा प्रकार, मागच्या अस्थिबंधांची अवस्था आणि नसांची इजा यांना गुण दिले जातात. बेरीज 3 किंवा कमी असेल तर सहसा पट्टा आणि औषधे, 5 किंवा जास्त असेल तर शस्त्रक्रिया. 4 आल्यास डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात.

शस्त्रक्रियेत स्क्रू आणि रॉड बसवून मणके स्थिर करतात, गरज असल्यास मज्जारज्जूवरचा दाब काढतात. मज्जारज्जूला इजा झाली असेल, तर शक्यतो 24 तासांच्या आत दाब काढण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. मात्र शस्त्रक्रियेने तुटलेला मज्जारज्जू जोडता येत नाही. पुढची हानी रोखणे आणि उरलेल्या नसांना संधी देणे, हा तिचा हेतू. त्यानंतर फिजिओथेरपी, लघवीची निगा आणि अंथरुणातल्या जखमा टाळण्यासाठी ठराविक वेळाने कूस बदलणे, हे उपचारही तितकेच महत्त्वाचे.

अपघाताच्या जागी काय कराल?

- आग, वाहने किंवा पाण्याचा धोका नसेल तर हलवू नका. 108 वर फोन करा.
- डोके आणि मान दोन्ही हातांनी आहे त्याच स्थितीत धरून ठेवा. बसवू नका, पाणी पाजू नका.
- श्वास चालू आहे का, पाहत राहा. उलटी होत असेल तर डोके, धड आणि पाय एकाच वेळी कुशीवर वळवा.
- श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट काढू नका.
- हलवणे टाळताच येत नसेल, तर चार-पाच जणांनी मिळून सपाट फळीवर घ्या. डोके धरणाऱ्याने सूचना द्यावी, बाकीच्यांनी एकदम उचलावे.

बेशुद्ध किंवा दारू प्यायलेला माणूस दुखणे नीट सांगू शकत नाही. त्याच्या मणक्याला इजा आहे, असे धरूनच चाला. फोन करताना ‘उंचावरून पडला आहे, पाठीला किंवा मानेला मार असू शकतो’ हे आवर्जून सांगा. म्हणजे कॉलर आणि स्पाइन बोर्डची तयारी ठेवता येते.