कोपऱ्यापासून खांबांपर्यंत

मी पंधरा वर्षं कबड्डी खेळले, सगळी उजव्या कोपऱ्यात. घोटा पकड ही माझी हुकमी पकड. आता कऱ्हाड तालुक्यातल्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. कुठलाही खेळ बघायला बसले की माझी नजर आधी पकडीकडे जाते. सेव्हन्स रग्बीवर माझा जीव जडला तोही पकडीमुळेच.

कबड्डीत चढाईवाली हातात आली की तिचा दम तुटेपर्यंत सोडायची नाही. रग्बीत पळणारीच्या मांडीला खांदा लावायचा, डोकं तिच्या पाठीमागच्या बाजूला ठेवायचं, कारण ते पुढे राहिलं तर तिचा गुडघा थेट तोंडावर बसतो. दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारून तिला खाली आणायचं आणि ती जमिनीला लागली की तत्क्षणी सोडायचं. तिनेही चेंडू सोडायचा. मग दोघी उठून पुन्हा खेळात. खांद्याच्या वर हात गेला तर फाउल.

संघात सात जणी, पण मैदान पंधरा जणींच्या रग्बीचंच, शंभर मीटर लांब. सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. एवढ्या मोकळ्या रानात एक पकड चुकली की पुढे अडवायला कुणी उरत नाही.

या खेळातली माझी सगळ्यात आवडती मुलगी म्हणजे ऑस्ट्रेलियाची मॅडिसन लेव्ही. २००२चा जन्म, गोल्ड कोस्टची. लहानपणी वेगवेगळे खेळ; मग ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. २०२०मध्ये ती गोल्ड कोस्ट सन्सकडून त्या खेळाच्या महिला लीगमध्ये उतरली होती. पुढच्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, टोकियो ऑलिंपिकमध्ये रग्बी खेळत होती! आपल्याकडे अशा मुलीला धरसोड करणारी म्हणतात. पण ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये उंच आलेला चेंडू गर्दीत उडी मारून डोक्यावर झेलावा लागतो, आणि सेव्हन्समध्ये ज्या संघाने गुण केले त्यानेच पुन्हा चेंडू मारून खेळ सुरू करायचा असतो. म्हणजे तो उंच चेंडू आपल्याच मुलीने झेलला, तर समोरच्यांच्या हाती काही लागतच नाही. मॅडिसन तो झेलते. आधीच्या खेळातली ती उडी तिने सोबत आणली. न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन नेटबॉलमधून आली, ऑस्ट्रेलियाची शार्लट कॅस्लिक टच फुटबॉलमधून. दुसऱ्या अंगणात वाढलेल्या मुलींना या खेळाने मोठ्या मनाने घरात घेतलंय.

आता दोन गुणांची गोष्ट सांगते, ती माझ्या मनातून जात नाही. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा, याला ट्राय म्हणतात; त्याचे पाच गुण. मग दोन जादा गुणांसाठी चेंडू दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून मारायचा. सेव्हन्समध्ये तो हातातून खाली सोडून, जमिनीवरून उसळताक्षणी मारावा लागतो, आणि चेंडू जिथे टेकवला त्याच्याच सरळ रेषेत उभं राहून. म्हणून चांगली धावपटू रेषा ओलांडली तरी थांबत नाही, जमेल तेवढं खांबांकडे वळते. मॅडिसन कडेने पळणारी. तिचे ट्राय बऱ्याचदा कोपऱ्यात होतात, आणि तिथून खांब फार तिरके दिसतात.

टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत फिजीने ऑस्ट्रेलियाला १४-१२ असं हरवलं. २०२२मध्ये केपटाऊनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मॅडिसनने तीन ट्राय केले आणि तिच्या संघाने न्यूझीलंडला २४-२२ हरवलं. २०२२-२३च्या जागतिक मालिकेत तिने ५७ ट्राय केले, तोवर एका हंगामात कुठल्याच मुलीने केले नव्हते एवढे.

आणि मग पॅरिस. त्या एका स्पर्धेत तिचे चौदा ट्राय, ऑलिंपिकचा विक्रम. ३० जुलै २०२४च्या रात्री मी फोनवर कांस्यपदकाचा सामना बघत होते. ऑस्ट्रेलिया १२-७ पुढे, वेळ संपत आलेली. अमेरिकेच्या ॲलेक्स सेड्रिकला तिच्या स्वतःच्या रेषेजवळ चेंडू मिळाला. दोघी अंगावर आल्या, ती त्यांच्यातून निसटली आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली. थेट खांबांच्या मधोमध चेंडू टेकवला, मग जादा गुणांची किकही स्वतःच मारली. १४-१२. दोन्ही संघांचे ट्राय सारखेच, दोन-दोन. चौदा ट्राय करणारी मॅडिसन पदकाविना घरी गेली. त्याच वर्षी जागतिक रग्बी संघटनेने तिला सेव्हन्सची सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवडलं, तेव्हा मला बरं वाटलं, पण ती रात्र काही पुसली गेली नाही.

आपल्याकडेही हा दोन गुणांचा हिशेब झालाय, पंधरा जणींच्या रग्बीत. २०१९मध्ये मनिलाला भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ हरवलं, त्या प्रकारातला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय. कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने. त्या संघात बिहारमधल्या बाढची स्वीटी कुमारी होती, तीही मैदानी शर्यतींतून रग्बीत आलेली. त्याच वर्षी महिला रग्बीला वाहिलेल्या स्क्रमक्वीन्स या संकेतस्थळाने जगभरातून वर्षातली सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून तिची निवड केली.

गेल्या वर्षी आमच्या खो-खोच्या संघातली एक मुलगी म्हणाली, मॅडम, मला कबड्डीत यायचंय. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या,’ मी तिला सगळ्यांसमोर बोलले. ते चुकलं माझं. या जूनमध्ये मी पुण्याहून एक लांबट चेंडू मागवला आणि पहिल्यांदा तिच्याच हातात दिला. खो-खोतली असल्याने वाकून पळताना दिशा बदलणं तिला शिकवावं लागत नाही. अडचण कबड्डीवाल्या मुलींची. त्या मांडीला बिलगतात, पाडतात आणि धरूनच ठेवतात. संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभी राहून मी ओरडत असते, ‘सोड! अगं, सोड तिला!’

कोपऱ्यात उभं राहून पंधरा वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.