ग्रंथ किती आणि साक्षी किती

पदव्युत्तर वर्गात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याचा असा एक दृढ समज असतो की, एखादे विधान जितक्या अधिक ग्रंथांत आढळेल तितके ते अधिक खात्रीचे. दहा पुस्तके चाळून दहाही ठिकाणी एकच साल मिळाले की तो टिपणवही मिटतो. वस्तुतः त्या दहांनी ते साल कोठून घेतले, हा शोध तेथून पुढे सुरू व्हावयास हवा.

शिवजन्मतिथीचा वाद या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवाजी महाराजांचे जन्मसाल १६२७ दिले. उत्तरकालीन बखरींतही ते येते. पुढे चरित्रांतून व क्रमिक पुस्तकांतून ते इतक्या वेळा छापले गेले की शंकेला जागाच उरली नाही. परंतु पुस्तके शंभर झाली तरी साक्षीदार शंभर होत नाहीत. त्यांतील बहुतेक एकाच परंपरेचा अनुवाद करीत होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी निघाली. एका शकावलीने इतके ग्रंथ मागे सारावेत काय? तसे झाले नाही, आणि ते योग्यच. महाराजांच्या हयातीत रचलेले 'शिवभारत' हे संस्कृत काव्य आणि जोधपूर येथे मिळालेली जन्मकुंडली यांतही तीच तिथी आढळली. मावळातील देशमुखांचे दप्तर, राजाश्रयातील कवी आणि मारवाडातील ज्योतिषी यांनी परस्परांचे पाहून लिहिले असे मानण्यास आधार नाही. या तीन साक्षींचे वजन आहे ते याच कारणाने. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ साली.

तिथीवरून तारीख काढतानाही असाच घोटाळा होतो. शकात ७८ मिळवावेत, एवढेच पाठ असलेला विद्यार्थी १६२९ लिहून मोकळा होतो. हा फाल्गुन जानेवारी उलटल्यावर पडतो, म्हणून तेथे ७९ मिळवावयाचे. शिवाय १९ फेब्रुवारी ही ज्युलियन गणनेची तारीख होय. ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च ठरतो. हे ठाऊक नसले म्हणजे दोन ग्रंथकारांत नसलेला मतभेद दिसू लागतो.

संगणकावर शब्द घालून शोधणाऱ्यास यांतले काहीच आपोआप कळत नाही. शोधात सापडले नाही ते अस्तित्वातच नाही, असे तो समजतो. आणि मोडीतील कित्येक रुमाल तर अद्याप कोणी वाचलेलेही नाहीत.