गावाचा 'हॉल ऑफ फेम' करायचाय? आधी नियम ठरवा, मग नावं

कुणी स्पर्धा परीक्षा पास झालं, कुणाची रणजी संघात निवड झाली, कुणाला पुरस्कार मिळाला की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. मग सत्कार होतो. शाल, श्रीफळ, चार भाषणं, फोटो. पंधरा दिवसांनी त्याच जागी दुसरा फ्लेक्स येतो आणि आधीचा माणूस मागे पडतो.

म्हणूनच अनेक गावांत, शाळांत, सोसायट्यांत एक कल्पना निघते. आपल्या मातीतल्या कर्तबगार माणसांची नावं कुठेतरी कायमची लावूया. ग्रामपंचायतीच्या सभागृहात एक भिंत, वाचनालयात फोटो, नाहीतर वेशीजवळ दगडी फलक. इंग्रजीत याला म्हणतात 'हॉल ऑफ फेम'.

कल्पना सगळ्यांना आवडते, पण पहिल्याच बैठकीत वाद सुरू होतो. आमच्या आजोबांचं नाव का नाही? माजी सरपंचांचं घ्यायलाच हवं का? गाव सोडून मुंबईला स्थायिक झालेला माणूस गावचा धरायचा का?

हा प्रयोग जगात अनेकांनी केलाय. काही ठिकाणी तो बंद पडला, काही ठिकाणी दीडशे वर्षांहून जास्त काळ सुरू आहे. हा फरक कशामुळे पडला?

आपल्याकडे हे जुनंच आहे

महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत देवळाजवळ किंवा वेशीवर कोरीव दगड दिसतात. ते वीरगळ. गावाचं किंवा गुराढोरांचं रक्षण करताना कुणाला मरण आलं, तर त्याच्या आठवणीसाठी हा दगड उभा केला जायचा. खालच्या चौकटीत पडलेला वीर, वर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा. सगळ्यात वर चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ.

पण बहुतेक वीरगळांवर काहीच लिहिलेलं नाही. त्यामुळे दगड राहिला आणि वीर कोण होता हे गाव विसरलं. आज अनेक ठिकाणी त्याला देव समजून शेंदूर लावतात.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी गावोगावी संगमरवरी फलक लावले. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला किती जण गेले आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले, एवढाच त्यांचा मजकूर. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे सैनिकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आल्याचं सांगितलं जातं. आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण गावोगावच्या त्या फलकांवर आकड्यामागच्या माणसांची नावं सहसा नाहीत.

२०२३ साली केंद्र सरकारच्या 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत गावोगावी शिलाफलक बसवले गेले. त्यांवर मात्र देशासाठी प्राण देणाऱ्या स्थानिक वीरांची नावं कोरली गेली.

'हॉल ऑफ फेम' आला कुठून?

जर्मनीत म्युनिक शहरात 'रुमेसहाले' नावाची वास्तू आहे. या शब्दाचा अर्थच कीर्तीचं दालन. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने ती बांधून घेतली. १८५३ साली ती पूर्ण झाली आणि तिथे बव्हेरियातल्या नामवंतांचे अर्धपुतळे मांडले गेले.

हीच कल्पना पुढे अमेरिकेत गेली. न्यूयॉर्क विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅक्रॅकन यांनी ब्रॉन्क्स भागातल्या विद्यापीठाच्या आवारात 'हॉल ऑफ फेम फॉर ग्रेट अमेरिकन्स' उभारला. १९०१ मध्ये तो खुला झाला. ६३० फूट लांबीची, खांबांची अर्धगोलाकार मोकळी पडवी आणि तिच्यात थोर अमेरिकनांचे ब्राँझचे अर्धपुतळे.

निवडीची पद्धत त्या काळाच्या मानाने चांगलीच होती. नावं लोकांनी सुचवायची आणि देशभरातल्या सुमारे शंभर मान्यवरांनी मतदान करायचं. १९०० सालच्या पहिल्या निवडीत २९ जण निवडून आले. जॉर्ज वॉशिंग्टनला सगळीच्या सगळी ९७ मतं पडली. निकालाच्या बातम्या वर्तमानपत्रांत गाजायच्या. बेसबॉलचा प्रसिद्ध हॉल ऑफ फेम यानंतर आला, त्याची पहिली निवड १९३६ सालची.

मग तो बंद का पडला?

पहिलं कारण पैसा. निवड आधी व्हायची आणि पुतळ्यासाठी निधी नंतर गोळा व्हायचा. विद्यापीठाची आर्थिक स्थिती बिघडली आणि सत्तरच्या दशकात त्यांनी ते आवारच विकलं. शेवटची निवड १९७६ साली झाली. एकूण १०२ जण निवडले गेले, पण पुतळे बसले ९८. उरलेल्या चौघांची निवड झाली, जागा मात्र रिकामीच राहिली. त्यात अमेरिकन रेडक्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन आहेत आणि अब्जाधीश अँड्र्यू कार्नेगीही.

दुसरं कारण, निवडलं कुणाला गेलं. पहिल्या २९ जणांत एकही स्त्री नव्हती. शेवटपर्यंत १०२ पैकी स्त्रिया फक्त ११. पहिला कृष्णवर्णीय माणूस, बुकर टी. वॉशिंग्टन, निवडला गेला तो १९४५ साली. त्याच यादीत गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली मात्र पहिल्याच निवडीत आला होता. २०१७ मध्ये लीचा आणि त्याचा सहकारी स्टोनवॉल जॅक्सनचा पुतळा तिथून काढण्यात आला.

लंडनची निळी पाटी

लंडनमध्ये हेच काम वेगळ्या पद्धतीने झालं. १८६३ साली विल्यम युअर्ट या खासदाराने सुचवलं की थोर माणसं ज्या घरांत राहिली, त्या घरांवर पाट्या लावाव्यात. १८६६ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने काम हाती घेतलं आणि १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर पहिली पाटी लागली. ते घर १८८९ मध्ये पाडलं गेलं.

पुढे ही योजना एका संस्थेकडून दुसरीकडे गेली. १९०१ मध्ये लंडन काउंटी कौन्सिल, १९६५ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल आणि १९८६ पासून इंग्लिश हेरिटेज. संस्था बदलल्या, योजना सुरू राहिली. २०२३ मध्ये पाट्यांची संख्या १००० वर पोचली.

यात ना मोठी इमारत लागते, ना पुतळे. चिनी मातीची एक गोल निळी पाटी, व्यास अर्ध्या मीटरच्या आसपास. नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, काम आणि 'इथे राहत होते' एवढाच मजकूर. नियम मात्र कडक आहेत.

• नाव कुणीही सुचवू शकतं, पण निर्णय तज्ज्ञांची समिती घेते.
• माणसाच्या मृत्यूला किमान २० वर्षं झालेली हवीत.
• त्याचा संबंध असलेली मूळ वास्तू लंडनमध्ये उभी असली पाहिजे आणि पाटी रस्त्यावरून दिसली पाहिजे.
• घरमालकाची संमती लागते.
• नाव फेटाळलं गेलं, तर पुढची १० वर्षं ते पुन्हा विचारात घेतलं जात नाही.

शेवटच्या नियमामुळे दरवर्षी त्याच नावासाठी होणारी ओढाताण टळते.

वीस वर्षं कशासाठी थांबायचं?

ब्रिटनमध्येच याचं उदाहरण आहे. बीबीसीचा लोकप्रिय निवेदक जिमी सॅव्हिल २०११ साली वारला. स्कारबरो गावात त्याच्या घरावर स्मृतिफलकही लागला. पण मृत्यूनंतर वर्षभरातच त्याने मुलांवर आणि स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या शेकडो तक्रारी पुढे आल्या. २०१२ मध्ये तो फलक काढावा लागला. मृत्यूनंतर काही वर्षं थांबण्याची अट असती, तर तो लागलाच नसता.

हा नियम उलट्या बाजूनेही कामाला येतो. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये लंडनला होते. पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर त्यांनी बदनामीचा खटला भरला होता आणि तो ते हरले. त्याच लंडनमध्ये टिळक राहिले त्या १०, हाउली प्लेस या घरावर १९६१ साली पाटी लागली. हायगेटमधल्या इंडिया हाउसवर १९८५ साली विनायक दामोदर सावरकरांची पाटी लागली. त्यांना १९१० मध्ये याच शहरात अटक झाली होती. ज्यांना त्या काळच्या सरकारने शत्रू मानलं, त्यांच्याकडे पुढच्या पिढ्यांना शांतपणे पाहता आलं.

आपल्याकडचं उदाहरण सावित्रीबाई फुल्यांचं. मुलींना शिकवायला जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकले गेले. त्या काळात गावाने मतदान घेऊन कर्तबगारांची यादी केली असती, तर त्यांचं नाव आलं असतं का? त्यांचं निधन १८९७ सालचं. पुणे विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं २०१४ मध्ये.

लंडनलाही सगळं जमलेलं नाही

२०१३ मध्ये सरकारी निधी कापला गेला आणि इंग्लिश हेरिटेजला नवे अर्ज घेणं थांबवावं लागलं. २०१४ मध्ये देणगीदारांच्या मदतीने काम पुन्हा सुरू झालं.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र ब्रॉन्क्सपेक्षा फार वेगळं नाही. २०१८ च्या सुमारास लंडनच्या पाट्यांपैकी स्त्रियांच्या होत्या जेमतेम १४ टक्के. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी हेरगिरी करणाऱ्या नूर इनायत खान यांना १९४४ मध्ये नाझींनी मारलं, पण त्यांची पाटी लागली २०२० मध्ये. इंग्लिश हेरिटेजचं म्हणणं असं की स्त्रियांची नावं सुचवलीच कमी जातात. त्यामुळे २०१६ पासून त्यांनी लोकांना तशी नावं पाठवण्याचं मुद्दाम आवाहन केलं.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन तिथे स्मारक केलं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. काही रहिवाशांची गर्दीबद्दल तक्रार होती. अपील झालं, सुनावणी झाली आणि २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली.

पुण्यातही महापालिकेने नामवंतांच्या घरांवर निळ्या पाट्या लावल्या आहेत. तिथे प्रश्न वेगळा आहे. वाडे पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. पाटी लागली म्हणून घर वाचतं असं नाही. लंडनमध्येही निळ्या पाटीमुळे वास्तूला कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

मग आपल्या गावात काय करायचं?

या सगळ्यातून सहा गोष्टी घेता येतात.

१. नातं ठरवा. जन्म गावात झाला म्हणून, की काम गावासाठी केलं म्हणून? यात लेकींचा प्रश्न हमखास येतो. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं आडनाव बदलतं आणि माहेरच्या यादीतून ती गळते. सासरच्या गावाला ती बाहेरून आलेली वाटते. माहेर आणि सासर, दोन्ही गावांनी तिचं नाव धरावं, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

२. थांबायची मुदत ठेवा. वीस वर्षं जास्त वाटली तर दहा ठेवा. हयात माणसांचा सत्कार जरूर करा, पण कायमच्या भिंतीसाठी थांबा. पुढच्या निवडणुकीचा उमेदवारही त्यामुळे आपोआप बाहेर राहतो.

३. समिती एका आळीची नको. शिक्षक, ग्रंथपाल, महिला बचत गट आणि प्रत्येक वाडी-वस्तीतलं कुणीतरी त्यात हवं. समितीत बसलेल्यांच्या घरातल्या नावावर त्यांनी मत देऊ नये.

४. जी नावं येत नाहीत ती शोधा. अधिकारी, पुढारी आणि देणगीदारांची नावं न मागता येतात. शेकडो बाळंतपणं केलेली सुईण, दुष्काळात विहिरी खोदणारा गवंडी, तमाशातला ढोलकीवाला, कापड गिरणीच्या संपात उभा राहिलेला कामगार यांची नावं कुणी अर्ज करून पाठवत नाही. त्यांच्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागतं.

५. पैसे आणि जागा वेगळ्या ठेवा. देणगी दिली म्हणून नाव लागणार नाही, हे पावतीवरच छापा. देखभालीचा वर्षाचा खर्च आधी काढा, पाटीचा आकार नंतर ठरवा. नाव काढायची वेळ आली तर ते कोण आणि कसं काढणार, हेही लिहा.

६. गोष्ट लिहा. नुसतं नाव कोरलं तर पन्नास वर्षांनी त्याचा वीरगळ होतो. दगड दिसतो, माणूस कळत नाही. नावाखाली दोन ओळींत काम लिहा. सविस्तर माहिती, फोटो आणि म्हाताऱ्या माणसांच्या रेकॉर्ड केलेल्या आठवणी वाचनालयात ठेवा. पाटीवर क्यूआर कोड लावलात तरी कागदावरची प्रत हवीच, कारण वेबसाइट बंद पडते.

हे सगळं एका पानात मावतं. ते पान ग्रामसभेत वाचून दाखवायचं, बदल सुचवू द्यायचे आणि ठराव करून घ्यायचा. तोपर्यंत एकही नाव चर्चेला घ्यायचं नाही. नाव समोर आलं की लोक नियम त्या नावाकडे बघून ठरवतात, आणि मग ती भिंत गावाची न राहता कुणाच्या तरी घराण्याची होते.